कुलूप मागण्याची रीत

लिनक्सच्या कर्नलमध्ये डीएलएमकॉन्स्टंट्स नावाची एक लहानशी हेडर फाइल आहे. तिच्या माथ्यावर एक लांबलचक टिप्पणी आहे आणि त्या टिप्पणीत दीड डझन पर्यायांचा अर्थ दोनदोन ओळींत उरकलेला आहे. तांत्रिक कवच काढून ते पर्याय वाचले तर गंमत वाटते. एक म्हणतो, ‘आत्ता मिळत असेल तर द्या, मी थांबणार नाही.’ दुसरा म्हणतो, ‘मला शेवटी नको, रांगेच्या तोंडाशी उभं करा.’ तिसरा म्हणतो, ‘मागितलेलं जमत नसेल तर त्याऐवजी हे चालेल.’ आणि एक तर म्हणतो, ‘मी गेलो तरी माझं नाव खोडू नका.’

रेशनच्या दुकानासमोर किंवा तहसील कचेरीच्या खिडकीपाशी ऐकू यावीत अशीच ही वाक्ये. फरक इतकाच, की इथे रांगेत माणसे नसून संगणक उभे असतात, आणि त्यांना हवे असते एका सामाईक वस्तूवरचे कुलूप. हे कुलूप देणाऱ्या व्यवस्थेला डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजर, थोडक्यात डीएलएम म्हणतात. पुढच्या पानांचा विषय हा मॅनेजर असला तरी त्यांचा खरा रोख त्याच्या खिडकीत सरकवल्या जाणाऱ्या अर्जावर आहे. मागणाऱ्याला काय काय म्हणता येते, यावर सगळ्या व्यवस्थेचा स्वभाव ठरतो.

मुळात अशी खिडकी लागते कशाला? एकाच संगणकावर दोन प्रोग्राम एकाच गोष्टीमागे लागले तर त्यांच्यात निवाडा करणे तुलनेने सोपे असते. दोघांची मेमरी एक असते आणि ‘तपास आणि लगेच ताबा घे’ हे काम एका दमात करणारी सूचना प्रोसेसरमध्येच असते. पण चार संगणक एकच डिस्क वापरू लागले की हा आधार जातो. सामाईक मेमरी नाही. हाताशी फक्त तारेवरून जाणारे निरोप. निरोप उशिरा पोहोचतो, कधी पोहोचतच नाही, आणि पलीकडचा गप्प आहे म्हणजे तो मेला की नुसता कामात आहे, हे अलीकडच्याला कळत नाही. अशा वेळी दोघांनी एकाच ब्लॉकवर लिहिले तर फाइलचा चुथडा होतो.

म्हणून कोणाकडे काय आहे याची नोंदवही हवी. साधा उपाय म्हणजे ती एका यंत्रावर ठेवणे. पण ते यंत्र बंद पडले की सगळ्यांचे काम ठप्प. डीएलएममध्ये वहीच वाटून दिलेली असते. प्रत्येक वस्तूच्या नावावरून हिशेब करून एक नोड, म्हणजे जोडलेल्यांपैकी एक संगणक, ठरतो. तो फक्त ‘या वस्तूची नोंद अमक्याकडे आहे’ एवढेच सांगतो. प्रत्यक्ष नोंद ठेवणारा, म्हणजे त्या वस्तूचा मास्टर, बहुधा तोच असतो ज्याने ती वस्तू सर्वांत आधी मागितली. यातली हुशारी अशी, की जो एखादी फाइल सतत वापरतो तोच तिचा मास्टर निघण्याची शक्यता जास्त, आणि मास्टरला स्वतःच्याच वहीत नोंद करायला तारेवर एकही निरोप धाडावा लागत नाही.

या कल्पनेचे माहेर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे. मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकर गिरणीत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे मुख्यालय होते. या कंपनीने 1983 मध्ये व्हॅक्सक्लस्टर जाहीर केले : अनेक व्हॅक्स संगणक सेकंदाला 70 मेगाबिट वाहून नेणाऱ्या दुव्याने जोडायचे आणि बाहेरून ते एकाच घरातले वाटावेत अशी सोय करायची. या संगणकांची ऑपरेटिंग सिस्टम म्हणजे व्हीएमएस; तिच्या 1984 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत त्यांचा वितरित लॉक मॅनेजर रुळला. विल्यम स्नॅमन आणि डेव्हिड थील यांनी 1987 मध्ये कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्याची रचना उलगडून सांगितली. नंतरच्या अनेक मॅनेजरांवर त्या रचनेची छाप आहे.

व्हीएमएसमध्ये कुलूप मागायच्या सेवेचे नाव मात्र ‘लॉक’ नव्हते. ते होते एन्क्यू, म्हणजे इंग्रजी ‘enqueue’ शब्दाचीच पहिली तीन अक्षरे : मला रांगेत घ्या. सोडायच्या सेवेचे नाव डेक्यू : मला रांगेतून काढा. कुलूप हाती येणे हा पुढचा भाग. आधी अर्ज, मग रांग.

अर्जातला पहिला रकाना असतो ‘किती हवे?’ नवख्याला वाटते, कुलूप एक तर लागलेले असते किंवा नसते. व्हीएमएसने सहा पायऱ्या ठेवल्या आणि लिनक्सच्या डीएलएमने त्या जशाच्या तशा उचलल्या. सर्वांत वर एक्सक्लुझिव्ह : सगळे माझे, कोणी बघायचेही नाही. त्याखाली प्रोटेक्टेड राइट : लिहिणार मी एकटा, पण माझे लिहिणे चालू असताना वाचायला ज्याची हरकत नाही त्याने वाचावे. प्रोटेक्टेड रीड : आपण सगळे वाचू, लिहायचे कोणीच नाही. कॉन्करंट राइट : मीही लिहितो, तुम्हीही लिहा. कॉन्करंट रीड : मी वाचतो, इतर लिहीत असले तरी चालेल.

‘तुम्हीही लिहा’ म्हणणारे कुलूप काय कामाचे, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर जिम ग्रे आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यावर डेटाबेससाठी केलेल्या कामात आहे. वस्तू एकात एक बसलेल्या असतात : तक्त्यात पाने, पानांत ओळी. एका ओळीत बदल करण्यासाठी सगळा तक्ता अडवणे म्हणजे एका खोलीला रंग द्यायचा म्हणून सोसायटीचे फाटक बंद करण्यासारखे. त्याऐवजी तक्त्यावर ‘मी आत कुठेतरी लिहिणार आहे’ एवढा इरादा नोंदवायचा आणि कडक कुलूप फक्त त्या ओळीवर लावायचे. दुसऱ्या ओळीवर लिहिणाराही तसाच इरादा नोंदवतो आणि दोघे एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. संपूर्ण तक्ता निवांत वाचू पाहणारा मात्र फाटकाशीच थांबतो, कारण आत कुणाची तरी लिखापढी चालली आहे हे त्याला वहीतून कळते.

राहिली सहावी पायरी, नल. हे कुलूप कोणालाच अडवत नाही आणि त्याला कोणी अडवू शकत नाही. वरवर पाहता निरर्थक. पण नल धरून बसलेल्याचे नाव वहीत कायम राहते, त्याची जागा मोडत नाही, आणि गरज पडली की नव्याने अर्ज न करता तो ‘माझी पायरी वाढवा’ म्हणू शकतो. लग्नाला न जाताही आहेराच्या वहीत नाव राखणाऱ्या पाहुण्यासारखे हे नाते असते.

पायरी वाढवण्या-उतरवण्याला कन्व्हर्जन म्हणतात, आणि घोडे अडते ते इथेच. प्रत्येक वस्तूपुढे तीन याद्या असतात : ज्यांना मिळाले आहे ते, ज्यांना पायरी बदलून हवी आहे ते, आणि नव्याने आलेले. पायरी बदलणाऱ्यांना नव्यांच्या आधी मान मिळतो, कारण त्यांच्या हातात आधीच काहीतरी आहे आणि ते जितके ताटकळतील तितके इतरांनाही ताटकळवतील. पण समजा, दोन नोड एकच फाइल प्रोटेक्टेड रीडमध्ये वाचत आहेत आणि दोघांनाही एकाच वेळी एक्सक्लुझिव्ह हवे झाले. पहिला दुसऱ्याने वाचन सोडावे म्हणून थांबला आहे, दुसरा पहिल्यासाठी. ‘तू सोड, मग मी सोडतो’ असे दोघेही म्हणत बसले तर फाइलचे भिजत घोंगडे.

व्हीएमएसने यावर पोलिसी उपाय केला. ठरावीक काळ, मुळात 10 सेकंद, कोणी अडकून राहिला की मॅनेजर शोध घेतो : हा कोणासाठी थांबला, तो कोणासाठी, आणि ही साखळी फिरून पहिल्यापाशी येते का? येत असेल तर एकाचा अर्ज फेटाळायचा. आधी 10 सेकंद थांबण्याचे कारण व्यवहारी आहे. बहुतेक वाट पाहणे खरोखरच नुसते वाट पाहणे असते आणि अनेक नोडांवर पसरलेली साखळी शोधणे महागात पडते. लिनक्सच्या हेडर फाइलमध्ये या पेचासाठी आणखी एक तोडगा आहे. अर्जदार आधीच लिहून देऊ शकतो : ‘असा पेच पडला तर माझ्या हातातले तात्पुरते काढून मला नलवर उतरवा, फक्त तसे केल्याचे मला सांगा.’ पडती बाजू कोणी घ्यायची हे भांडणानंतर ठरवण्याऐवजी अर्जातच ठरते. मात्र कुलूप परत मिळाल्यावर अर्जदाराने मधल्या काळात आपली फाइल कोणी बदलली असेल असे धरूनच पुढे जायला हवे. ही अट विसरलेला प्रोग्राम महिनोन्महिने बरा चालतो आणि एखाद्या दिवशी चुकीचा आकडा लिहून मोकळा होतो.

अर्जाचा दुसरा रकाना मागणाऱ्यापेक्षा धरणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. कुलूप घेतानाच तो सांगून ठेवतो : ‘माझ्यामुळे कोणी अडले तर या पत्त्यावर कळवा.’ व्हीएमएसच्या भाषेत हा ब्लॉकिंग एएसटी. मॅनेजर कुलूप हिसकावत नाही. तो फक्त दार वाजवतो. या एका सोयीमुळे कुलपाचा वापरच बदलून गेला. काम झाले की लगेच सोडण्याची घाई राहिली नाही. कोणी मागेपर्यंत ते जवळ ठेवणे परवडू लागले.

रेड हॅटच्या जीएफएस2 या फाइल सिस्टममध्ये हे जवळून पाहता येते. ती आणि लिनक्सचा डीएलएम दोन्ही 2006 च्या नोव्हेंबरात कर्नलच्या 2.6.19 या आवृत्तीत आले. समजा, पहिल्या नोडवरचा प्रोग्राम एका फाइलमध्ये लिहितो. जीएफएस2 त्या फाइलसाठी एक्सक्लुझिव्ह मागते आणि मिळवते. लिहून झाले, प्रोग्राम बंद झाला, तरी कुलूप नोडकडेच राहते आणि लिहिलेला मजकूर मेमरीतच. पाच मिनिटांनी तोच प्रोग्राम परत आला तर ना अर्ज, ना निरोप, ना डिस्क. मग दुसऱ्या नोडवर कोणीतरी ती फाइल वाचायला उघडते. तिथून प्रोटेक्टेड रीडचा अर्ज निघतो, मास्टर पहिल्या नोडचे दार वाजवतो, पहिला नोड मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवतो आणि स्वतःची पायरी खाली आणतो. तेव्हा कुठे दुसऱ्याला वाचायला मिळते. दोन्ही नोड आळीपाळीने त्याच फाइलमध्ये लिहू लागले तर प्रत्येक ओळीला हा सगळा सोहळा होतो आणि यंत्रे हातातली कामे सोडून कुलूप टोलवत बसतात. म्हणून हाती आलेले कुलूप किमान काही क्षण तरी धरून ठेवायची मुभा जीएफएस2 नोडला देते, म्हणजे तेवढ्यात थोडे तरी काम उरकते.

याच दार वाजवण्यातून एक मिस्कील पर्याय निघाला आहे. ‘मी थांबणार नाही’ म्हणणाऱ्याचा अर्ज सहसा कोणताही मागमूस न ठेवता परत जातो. पण त्याला जोडून असेही म्हणता येते : ‘मी थांबत नाही, पण मी येऊन गेलो हे त्याला कळवा.’ दार न उघडणाऱ्या शेजाऱ्याकडे चिठ्ठी टाकून जाण्याचा प्रकार. पुढच्या खेपेला दार उघडे सापडण्याची शक्यता वाढते.

तिसरा रकाना व्हॅल्यू ब्लॉकचा. व्हीएमएसने प्रत्येक वस्तूच्या नोंदीशेजारी 16 बाइटांची एक पाटी ठेवली. जो लिहिण्याचा हक्क सोडतो तो जाताना पाटीवर चार आकडे खरडतो. पुढे ज्याला कुलूप मिळते त्याला ती पाटी कुलपासोबत वाचायला मिळते. तिच्यावर फाइलचा आवृत्ती क्रमांक असला तर नव्या धरणाऱ्याला डिस्क गाठण्याआधीच कळते, की आपल्याजवळची जुनी प्रत अजून ताजी आहे की शिळी. कुलपासाठी धाडावा लागणारा निरोप जाणारच होता. त्यातच ही माहिती फुकट बसली. आणि लिहिता लिहिता धरणारा कोसळला तर? मग मॅनेजर पुढच्याला कुलूप देतो, पण सोबत शेरा मारतो : पाटीवरचा मजकूर भरवशाचा नाही.

कोसळणाऱ्या धरणाऱ्याचा प्रश्न या विषयात पदोपदी भेटतो. भारतीय रेल्वेच्या एकेरी मार्गांवर तो फार आधीपासून ओळखीचा आहे. दोन स्थानकांची टोकन यंत्रे विजेने जोडलेली असतात. पुढच्या स्थानकाने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची संमती, दिल्याशिवाय टोकनचा गोळा यंत्राबाहेर येत नाही, आणि एक गोळा बाहेर असताना दुसरा निघत नाही. वेताच्या कड्याला लटकवलेल्या पिशवीतला तो गोळा ड्रायव्हरच्या हाती असला तरच गाडी पुढच्या टप्प्यात शिरते. यंत्र बिघडले तर कागदी लाइन क्लिअर तिकिटाची वेगळी, सावकाश पद्धत लागते. मार्ग मोकळा आहे याची खात्री पटेपर्यंत कोणीही ‘गाडी बहुधा गेली असेल’ एवढ्यावर दुसरी गाडी सोडत नाही.

क्लस्टरमध्येही, म्हणजे अशा जोडलेल्या संगणकांच्या समूहातही, तेच. गप्प झालेल्या नोडची कुलपे वाटून टाकण्याआधी तो खरोखर गप्प राहील याची सोय करावी लागते. बऱ्याच ठिकाणी त्याचा वीजपुरवठाच दुरून तोडला जातो. कुंपण घालणे या अर्थाने याला फेन्सिंग म्हणतात.

गेल्या दोन दशकांत मात्र कुलूप मागणारे बदलले. डिस्क वाटून घेणाऱ्या चार-सहा नोडांऐवजी हजारो यंत्रांवर पसरलेल्या सेवा आल्या आणि कोणाचा वीजपुरवठा कोण तोडणार हा प्रश्नच उरला नाही. 1989 मध्ये स्टॅनफर्डच्या कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी लीजची कल्पना मांडली होती : हक्क द्यायचा तो मुदतीचा. भाडेकराराची मुदत संपली की घर आपोआप मोकळे. गूगलच्या चबी या लॉक सेवेने, जिच्यावर माइक बरोज यांचा निबंध 2006 मध्ये प्रसिद्ध झाला, हीच वाट धरली आणि अर्जात नवे रकाने आणले. धरणारा कोसळला तर आपले कुलूप इतरांना लगेच न देता थोडा काळ रोखून धरा, असे त्याला आधीच सांगून ठेवता येते. त्या निबंधानुसार कमाल मर्यादा एक मिनिटाची. शिवाय कुलपासोबत एक सीक्वेन्सर, म्हणजे पिढीचा क्रमांक असलेली पावती मागता येते. दुसऱ्या बाजूला, चबी खास करून तास-दिवस धरायच्या कुलपांसाठी बांधली गेली, आणि सहा पायऱ्यांपैकी उरल्या दोनच : सामाईक आणि एकट्याचे.

पावतीचे महत्त्व 2016 च्या फेब्रुवारीत मार्टिन क्लेपमन यांनी रेडिस या डेटाबेसच्या रेडलॉक या कुलूप पद्धतीवर लिहिलेल्या टीकेने घराघरांत पोहोचवले. त्यांच्या उदाहरणात पहिला अर्जदार 33 क्रमांकाच्या पावतीसह कुलूप घेतो आणि मेमरीच्या साफसफाईत गोठतो. मुदत संपते. दुसऱ्याला 34 मिळते, तो लिहूनही टाकतो. मग पहिला जागा होतो आणि आपण अजून मालक आहोत अशा समजुतीने लिहायला जातो. साठवणूक करणाऱ्या यंत्रणेने 34 पाहिलेला असेल तर ती 33 ला परत पाठवते. पावतीच नसेल तर जुने लिखाण नव्याला गिळते. रेडिसचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लगेच सविस्तर उत्तर दिले आणि हा वाद अजूनही अभ्यासला जातो.

रेडिसवरचा साधा अर्ज मात्र लोकप्रिय आहे तो त्याच्या तुटपुंजेपणामुळेच. तीन गोष्टी सांगायच्या : वस्तूचे नाव, माझी खूण, आणि मुदत. खूण यादृच्छिक असते, म्हणजे मुदत उलटल्यावर जागा झालेला अर्जदार दुसऱ्याचे कुलूप चुकून सोडवत नाही. रांग नाही, पायऱ्या नाहीत, दार वाजवणे नाही. याहूमध्ये घडलेल्या झूकीपर या समन्वय सेवेत रांग परत आली, पण तीही अर्जदारांनीच उभारायची : प्रत्येकाने क्रमांकाची चिठ्ठी टाकायची आणि फक्त आपल्या पुढच्यावर लक्ष ठेवायचे. सगळ्यांनी पहिल्यावरच नजर ठेवली तर तो हलताक्षणी सगळी गर्दी खिडकीवर कोसळते.

पुण्यात व्हेरिटाससारख्या कंपनीचे विकासकेंद्र होते, आणि तिच्या क्लस्टर फाइल सिस्टमच्या पोटात ग्रुप लॉक मॅनेजर होता. म्हणजे या विषयावर मराठी घरांत जेवणाच्या टेबलाशी बोलणे झालेच नसेल असे नाही. मराठीत लिहिले मात्र फारसे गेलेले नाही. पुढची प्रकरणे अर्जाच्या रकान्यांच्या क्रमाने रचली आहेत : आधी पायऱ्या, मग रांगा आणि बदल, मग दार वाजवणे, पाटी, मुदत आणि शेवटी पावती. कोड थोडे आहे, कागदावर रेघा ओढून सोडवायची उदाहरणे जास्त. चार नोडांची नावे लिहून, प्रत्येकाच्या तोंडी एकेक अर्ज घालून वाचकाने ती चालवून पाहावीत.

शेवटचे प्रकरण एका खोडलेल्या पर्यायावर आहे. लिनक्सच्या त्याच हेडर फाइलमध्ये ‘इतका वेळच थांबेन, मग माझा अर्ज रद्द करा’ असे म्हणायची सोय होती. 2022 मध्ये देखभाल करणाऱ्यांनी ती कालबाह्य ठरवली. अर्ज रद्द करायची वेगळी सोय होतीच; ज्याला घाई आहे त्याने घड्याळ स्वतःपाशी ठेवावे आणि वेळ झाली की ती वापरावी. त्या एका ओळीपायी मॅनेजरला प्रत्येक अर्जामागे किती हिशेब ठेवावा लागत होता, तो हिशेब तिथे मांडला आहे.